प्रासंगिक विचार : उंबरठ्याबाहेरचे लोकप्रतिनिधि

तृतीयपंथी मनुष्य दारीं आला म्हणजे आपल्या घरांत काय होतें, हें वाचकांस सांगावयास नको. बायका मुलांना आंत बोलावून घेतात, पुरुषमंडळी घाईनें खिशांत हात घालतात, आणि दार लागल्यावर बैठकींत थोडें हंसें पिकतें. अशाच एखाद्या मनुष्यास हजारों लोकांनीं मतें देऊन शहराच्या कारभाराच्या खुर्चीवर बसविलें असें कोणी सांगितलें, तर तें हंसें थांबावें कीं वाढावें, हा आजचा आमचा प्रश्न आहे.

कारण असें घडलें आहे, आणि तें एकदांच नव्हे. शबनम मौसी या १९९८ ते २००३ या मुदतीच्या मध्य प्रदेश विधानसभेंत सोहागपूरच्या प्रतिनिधि होत्या. २००० सालीं गोरखपूरच्या मतदारांनीं आशादेवी यांस महापौर केलें. २०१५ च्या जानेवारींत छत्तीसगडांतील रायगड शहरानें मधु किन्नर यांस, कोणत्याहि पक्षाचें पाठबळ नसतां, साडेचार हजारांहून अधिक मताधिक्यानें त्याच पदावर निवडलें.

या निकालांचा अर्थ लावतांना राजकीय मंडळींनीं बहुधा एकच वाट धरली: मतदार जुन्या पक्षांवर रुसले व त्यांनीं पुढाऱ्यांची थट्टा केली. यांत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु थट्टा म्हणून दिलेलें मतहि इतर मतांएवढेंच वजनदार असतें, आणि निवडून आलेल्या मनुष्यास गटारें, नळ व रस्ते खरोखरच पाहावे लागतात.

या उमेदवारांच्या बाजूनें दुसरा एक मुद्दा मांडण्यांत आला: यांस ना मुलें ना बाळें, ना जांवई ना भाचे, मग हे पैसा खातील तरी कोणासाठीं? हा युक्तिवाद ऐकावयास गोड आहे. आम्हांस मात्र तो ऐकून लाज वाटली. एखाद्यास घर नाहीं हा त्याचा सद्गुण ठरविण्यापूर्वीं, तें घर त्याजपासून कोणीं हिरावलें, हें विचारलें पाहिजे. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यान्वयें ज्या हिजड्यांचीं नांवें सरकारदरबारीं नोंदविलीं गेलीं, त्यांस मुलगा दत्तक घेण्यास, अज्ञानाचें पालक होण्यास व मृत्युपत्र करण्यास बंदी होती. पण सगळा दोष इंग्रजांच्या माथीं मारून आपण मोकळे होऊं शकत नाहीं. शबनम मौसी यांची जी हकिगत प्रसिद्ध झाली आहे, तीप्रमाणें त्यांचा जन्म ब्राह्मण घरांतला. वडील पोलिसखात्यांत वरच्या हुद्द्यावर होते. लोकांत अब्रू जाईल या भयानें मूल घराबाहेर गेलें. म्हणजे आधीं आपण मूल टाकावयाचें, आणि पुढें त्यास कोणी नाहीं म्हणून विश्वासू म्हणावयाचें!

याहून अवघड प्रश्न न्यायालयांपुढें आला. कटनीचें महापौरपद स्त्रियांसाठीं राखीव होतें, व तेथें कमला जान निवडून आल्या. कायद्याच्या दृष्टीनें त्या पुरुष होत, असें ठरून ती निवडणूक रद्द झाली, आणि २००३ सालीं मध्य प्रदेश उच्च न्यायालयानें तोच निर्णय कायम केला. पुढें २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तृतीयपंथीयांस स्वतंत्र मान्यता देऊन आपलें लिंग स्वतः सांगण्याचा त्यांचा हक्क मान्य केला. नंतर आपल्या जळगांव जिल्ह्यांतील भादली बुद्रुक येथें स्त्रियांच्या राखीव जागेसाठीं अंजली पाटील यांनीं केलेला अर्ज निवडणूक अधिकाऱ्यानें फेटाळला. जानेवारी २०२१ मध्यें मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें तो स्वीकारावयास लाविला. मात्र पुढें सोयीप्रमाणें पुरुष म्हणवून घेतां येणार नाहीं, असेंहि बजाविलें. गांवानें त्यांस निवडून दिलें.

येथें आमच्या एखाद्या वाचक भगिनी विचारतील, कीं १९९२ च्या घटनादुरुस्त्यांनीं स्थानिक संस्थांत निदान एकतृतीयांश जागा स्त्रियांस मिळाल्या. त्यांतहि आतां वांटेकरी कां? ही शंका क्षुद्र नाहीं. जें इतक्या उशिरां मिळालें तें जपावेंसें वाटणारच. आमचें उत्तर एवढेंच, कीं ज्यांच्या वांट्यास अवहेलना आली त्यांस सभेंत बोलतां यावें, म्हणूनच राखीव जागा आहे. जिनें स्त्री म्हणून आयुष्य काढलें व त्यासाठीं दुप्पट अवहेलना सोसली, तिनें ती जागा बळकाविली असें आम्हांस म्हणवत नाहीं. खंडपीठाची ताकीद आम्हांस रास्त वाटते ती याच कारणानें. नियम मात्र मतदानाच्या आधीं स्पष्ट हवा. कटनीप्रमाणें मतें मोजून झाल्यावर उमेदवार कोण होता हें ठरविणें, हा मतदारांवरहि अन्याय आहे.

सभेंतील खुर्ची देणें त्या मानानें सोपें. मत गुप्त असतें आणि मतपेटी घराबाहेर असते. कठीण आहे तें पंगतींतला पाट देणें. उद्यां आपल्याच नातवंडांपैकीं एखादें निराळें वागूं लागलें, मी मुलगा नव्हे, मुलगी आहें, असें म्हणूं लागलें, तर वडीलधाऱ्यांनीं काय करावें? आमचें सांगणें साधें आहे. त्यास मारूं नये, लपवूं नये, शाळा सोडवूं नये, आणि घराबाहेर तर काढूंच नये. तें पुढें नगराध्यक्ष होईल कीं कारकून, हें त्याच्या कर्तबगारीवर सोंपवावें. आणि असा कोणी उमेदवार मत मागावयास दारीं आला, तर त्यास आंत बोलावून बसवावें, पाणी द्यावें, व इतरांस विचारतों तेंच विचारावें: नळास पाणी केव्हां येणार, आणि खर्चाचा हिशेब कोण दाखविणार?