चुकलेला आकडा आणि वसईची सुई

१/ १० मार्च २०१५, सिडनी. क्वालालंपूरला निघालेल्या विमानाच्या संगणकात वैमानिकाने विमान उभे असलेल्या जागेचे रेखांश भरले. १५१ अंश ९.८ मिनिटांऐवजी १५ अंश १९.८ मिनिटे! संगणकाच्या लेखी विमान ११,००० किलोमीटर दूर, आफ्रिकेच्या पश्चिमेस समुद्रात होते.

२/ इशारे मिळूनही चूक उमगली नाही. उड्डाणानंतर विमान शेजारच्या धावपट्टीच्या मार्गाकडे वळले. सुदैवाने ते मेलबर्नला सुखरूप उतरले.

३/ आता आपल्या वसईकडे वळू. १५३८ साली जुआव द कास्त्रो हा पोर्तुगीज दर्यावर्दी गोव्याहून दीवकडे निघाला होता. होकायंत्राच्या सुईवर तो विसंबत नसे; छायायंत्राने सूर्याची दिशा मोजून तो ती पडताळी. वसईजवळ सुई अनपेक्षितपणे ढळली. त्याने ती नोंद दडपली नाही. कारण शोधले आणि ते परिसरातील खडकांत असावे, असे लिहून ठेवले.

४/ तो परकीय सत्तेचा सेवक होता, हे विसरू नये. तरीही वसईचा किल्ला दाखवताना १७३९ च्या विजयाबरोबर ही नोंदही सांगितली जावी, असे माझे ठाम मत आहे.

५/ मित्रहो, यंत्र आज्ञा पाळते. आकडा खरा की खोटा, याची जबाबदारी माणसाचीच. बखरीतील सनावळी न तपासता पुढे पाठवणारे आपणही त्याच वैमानिकाच्या आसनावर बसलेलो असतो.