चौकांतील आकाश आणि रंगीत कांच

गेल्या महिन्यांत पुण्याहून एका वाचक-भगिनींचें पत्र आलें. त्यांच्या आजेसासऱ्यांच्या वडिलांनीं बांधलेला चौसोपी वाडा येत्या पौषअखेर पाडावयास द्यावयाचा असून त्या जागीं सात मजली इमारत उभी राहावयाची आहे. तत्पूर्वी मार्गशीर्षांतला एक रविवार धरून सारें कुटुंब तेथें जमणार. मुंबईचे दीर, नागपूरच्या वन्सं, पुतणे, भाचे आणि एकोणनव्वद वर्षांच्या आजेसासूबाई मिळून एकोणतीस माणसें. "वाड्याचीं जुनीं छायाचित्रें काळीं-पांढरीं आहेत, हें शेवटचेंही तसेंच असावें, आणि एकाच चित्रांत चौकाच्या चारही बाजू, माणसें व वरचें आकाश यावें, अशी सर्वांची इच्छा आहे. पुतण्याजवळ फिश-आय लेन्स आहे. आकाश काळेंभोर यावें म्हणून लाल फिल्टर लावावा असें त्यानें कोठेंसें वाचलें आहे, पण भिंगाचा पुढचा फुगवटा पाहतां तो लावावा कोठें हेंच कळत नाहीं," असें त्या लिहितात.

प्रसंग पुन्हा न येणारा आहे, म्हणून उत्तर थोडें विस्तारानें देतों.

फिश-आय म्हणजे मत्स्यनेत्र. लहानपणीं विहिरींत पोहलेल्यांना या भिंगाची ओळख निराळी करून द्यावयास नको. संथ पाण्याच्या तळाशीं उताणें होऊन वर पाहिलें कीं विहिरीचा कांठ, त्यावर वांकलेलीं माणसें, झाडाची फांदी आणि सारें आकाश एका वाटोळ्या झरोक्यांत गोळा झालेलें दिसतें. पाण्यांत शिरतांना किरण वांकतात. त्यामुळें क्षितिजापासून क्षितिजापर्यंतचे १८० अंश सुमारें ९७ अंशांच्या शंकूंत सामावतात. अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे प्राध्यापक रॉबर्ट वुड यांनीं पाण्यानें भरलेल्या कॅमेऱ्यानें असें चित्र प्रत्यक्ष घेऊन दाखविलें व १९०६ सालीं त्याला हें माशाच्या डोळ्याचें नांव दिलें. मौज अशी कीं, याच वुडसाहेबांनीं १९१० सालीं अवरक्त किरणांनीं घेतलेलीं दृश्यें प्रसिद्ध केलीं. त्यांत आकाश काजळासारखें आणि झाडांचीं पानें बर्फासारखीं होतीं. त्या प्रकाराला अद्यापि 'वुड-परिणाम' म्हणतात. पुतण्याच्या मनांतील दोन्ही हौशींचें मूळ असें एकाच गृहस्थापाशीं जाऊन पोंचतें.

पुढें १९२४ सालीं इंग्लंडांत रॉबिन हिल यांनीं सबंध आकाश एका चित्रांत घेणारें भिंग सिद्ध केलें. कॅमेरा जमिनीवर उताणा ठेवावयाचा आणि डोक्यावरील ढगांची नोंद घ्यावयाची, हा त्याचा उपयोग. जुन्या साध्या प्लेटेला निळा व पांढरा यांत फारसा भेद दिसत नसे. निळें आकाश पांढरें उतरे आणि त्यांत पांढरा ढग हरवून जाई. रंगीत कांच मध्यें आणून निळा प्रकाश अडविला तरच ढग उठून दिसावयाचा. आजच्या पँक्रोमॅटिक फिल्मला सर्व रंग दिसत असले तरी निळ्याकडे तिचा ओढा थोडा अधिकच असतो. यावरून दिसेल कीं फिश-आय भिंग आणि फिल्टर यांचा संबंध जुना आहे, हौशी लोकांनीं नव्यानें जुळविलेला नव्हे.

आतां कांच लावावी कोठें तें पाहूं. पुढच्या बाजूस नाहींच. १८० अंश पाहणाऱ्या डोळ्यासमोर कोणतीही सपाट कांच धरली तरी तिची कड चित्रांत येणार; आणि समजा बरीच मोठी कांच धरली, तरी कडेचे किरण तिच्यांतून तिरपे जाणार. ६० अंशांनीं तिरपा आलेला किरण सरळ किरणापेक्षां सुमारें सव्वापट जाड कांचेंतून जातो. म्हणजे मध्यें फिकट आणि कडेला गडद असा तो फिल्टर व्हावयाचा. म्हणून शहाण्या कारागिरांनीं फिल्टर भिंगाच्या पोटांतच बसविले. निकॉनच्या १९६२ सालच्या ८ मिलिमीटर भिंगांत सहा कांचांची फिरती चकती होती. एक जवळजवळ रंगहीन, दोन पिवळ्या, एक नारिंगी, एक लाल व एक हिरवी. बाहेरचें कडें फिरविलें कीं हवी ती कांच किरणांच्या वाटेंत येई.

पुतण्याचें भिंग असें नसेल तर त्यानें तें कॅमेऱ्यापासून सोडवून मागील अंगानें पाहावें. तेथें जिलेटिनचा पातळ तुकडा सरकविण्याची खांच असेल, किंवा लहानसा फिल्टर आट्यांनीं बसविलेला असेल. दुसऱ्या प्रकारांत एक पथ्य आहे. तो फिल्टर भिंगाच्या हिशेबांत धरलेला असतो. रंगीत नको असेल तेव्हां रंगहीन बसवावा, पण जागा रिकामी ठेवूं नये. उलट जेथें कांच अपेक्षितच नाहीं तेथें आपल्या कल्पनेनें चिकटवूं नये. भिंगाच्या मागें आलेली कांच आपल्या जाडीच्या सुमारें एक-तृतीयांशानें चित्र मागें ढकलते. २ मिलिमीटर जाडीची कांच घेतली तर ही सरक दोन-तृतीयांश मिलिमीटर झाली. ऐकावयास क्षुल्लक वाटते. परंतु ८ मिलिमीटरच्या भिंगाला ती किती भोंवते पाहा. दूरच्यासाठीं लावून ठेवलेल्या भिंगापुढें दहा सेंटिमीटरवर वस्तु धरली तर ती जितकी पुसट येईल, तितका सारा वाडा पुसट येईल! जिलेटिनचा पत्रा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढाच असल्यानें तेथें ही भीति जवळजवळ नाहीं. मात्र तो बोटांनीं धरूं नये, चिमट्यानें कडेला धरावा; घामाचा डाग त्यावरून निघत नाहीं.

राहिला रंगाचा प्रश्न, आणि येथें माझी स्वतःची एक चूक सांगणें भाग आहे. आमच्या घरीं एका मुंजीच्या वेळीं मी असेंच भिंग घेऊन चौकांत उभा राहिलों आणि लाल कांच चढविली. ऊन स्वच्छ होतें. चित्र धुऊन आलें तेव्हां आकाश खरोखर काळेंभोर, कौलें चांदीसारखीं, बटु उन्हांत लखलखीत. आणि ओसरीवर बसलेलीं सगळीं वडील मंडळी अंधारांत बुडालेलीं. कारण नंतर ध्यानांत आलें. सांवलींत जो उजेड असतो तो सूर्याचा नसतो, आकाशाचा असतो. म्हणजे निळा असतो. लाल कांच आकाश काळें करते तेव्हां त्याच हातानें सांवलीही काळी करते. साध्या भिंगांत एखादा कोपरा काळा झाला तर चालून जातें. फिश-आयमध्यें चारही ओसऱ्या एकदम येतात. त्या चित्रांत आमचे काका कोठें आहेत हें मला ठाऊक आहे, म्हणून मला दिसतात. दुसऱ्या कोणास दिसत नाहींत. त्यानंतर चारच महिन्यांनीं ते गेले.

दुसरी गोष्ट बायकांनीं आधींच ओळखली असेल. लाल कांचेंतून लाल रंग पांढरा उतरतो, म्हणजे कपाळावरचें कुंकू नाहींसें होतें. त्या चित्रांतील उन्हांत उभ्या असलेल्या आमच्या आत्याबाईंनीं तें पाहून जो चेहरा केला तो मी विसरलेलों नाहीं. ओंठही पांढुरके पडतात. तुळस मात्र काळी होते.

म्हणून माझें मत असें कीं लाल आणि नारिंगी दोन्ही बाजूस ठेवावीं आणि पिवळसर-हिरवी कांच घ्यावी. ती निळा प्रकाश पुरेसा अडविते, कुंकू ठळक ठेवते, तुळशीचीं पानें उजळते आणि आपल्या गव्हाळ-सांवळ्या वर्णाला साजेशी छटा देते. कौलांची ती चांदी मिळणार नाहीं, हें कबूल. तीं जरा गडदच येतील. ही कांच न मिळाल्यास साधी पिवळी चालेल. लाल कांचेला प्रकाश आठपट द्यावा लागतो, हिरवट पिवळीला छटेप्रमाणें दोन ते चारपट, पिवळीला दुप्पट. ज्या घोळक्यांत पांच-सहा मुलें आहेत तेथें हा भेद लहान नव्हे.

वेळ सकाळीं आठच्या सुमाराची घ्यावी, ऊन चौकांत उतरण्यापूर्वी. यांत दोन फायदे आहेत. एक तर सारींच माणसें सारख्या सांवलींत असल्यामुळें ऊन-सांवलीचें भांडण मिटतें. दुसरा फायदा आकाशाचा. आकाश सर्वत्र सारखें निळें नसतें. क्षितिजापाशीं तें पांढुरकें असतें, सूर्याजवळही फिकट असतें, आणि सूर्यापासून ९० अंशांच्या पट्ट्यांत पुष्कळ गहिरें असतें. सूर्य नुकता वर आलेला असतां हा पट्टा जवळजवळ डोक्यावरून जातो, म्हणजे नेमका तुमच्या चौकाच्या झरोक्यांत येतो. उघड्या मैदानावर याच कारणानें फिश-आयमध्यें आकाश एकीकडे काळें व एकीकडे पांढरें असें पट्टेदार दिसतें आणि फिल्टर तो दोष वाढवितो. चौकांत भोंवतालचें छप्परच फिकट भाग झांकून टाकतें. मार्गशीर्षांतलें आकाश बहुधा निरभ्र मिळतें. ढगांनीं भरून आलेलें असेल तर मात्र कोणतीही कांच उपयोगाची नाहीं. पांढऱ्याला गाळून निळें काय उरणार?

कॅमेरा चौकाच्या मध्यावर पाटावर उताणा ठेवावा. मध्यें आकाश, भोंवतीं वळचण, मग माडीचा कठडा, त्यावरून खालीं वांकून पाहणारीं माणसें आणि अगदीं कडेला ओसरीचे खांब, असें वाटोळें चित्र येईल. जीं भिंगें कोनाच्या सम प्रमाणांत चित्र मांडतात त्यांत अगदीं कडेचा चेहरा उंचीच्या मानानें दीडपटीहून अधिक रुंद होतो. कडेपासून मध्यापर्यंतच्या अर्ध्या वाटेवर हा फरक जेमतेम एक-दशांश राहतो. तेव्हां जीं जिना चढूं शकतात त्यांनीं माडीवर जावें. आजेसासूबाईंना वर नेण्याचा आग्रह धरूं नये. त्यांची खुर्ची पाटापासून हातभर-दोन हातांवर ठेवावी आणि त्यांनीं किंचित् वांकून भिंगाकडे पाहावें. इतक्या जवळ बसल्यानें त्यांचा चेहरा कडेपासून बराच आंत येईल, फारसा पसरणार नाहीं, आणि सबंध चित्रांत सर्वांत मोठा तोच दिसेल. दोरींवरचीं धुणीं, पाण्याचे पाइप हें सगळें आदल्या दिवशीं काढावें; या डोळ्याला पाठ म्हणून नसतेच.

कॅमेऱ्यांतील प्रकाशमापकावर सर्वस्वीं भिस्त ठेवूं नये. मधलें आकाश पाहून तो फसतो आणि चेहरे काळे ठेवतो. माडीवरील एखाद्याच्या चेहऱ्याजवळ मापक नेऊन माप घ्यावें, त्यांत फिल्टरची पट मिळवावी, आणि शिवाय एक पायरी कमी, एक पायरी अधिक अशीं चित्रें घ्यावीं. ३६ चित्रांची फिल्म असेल तर शेवटचीं दहा फिल्टरवांचून घेऊन ठेवावीं.

हा खटाटोप फिल्मचा कॅमेरा असल्यामुळें आहे. डिजिटल कॅमेऱ्याचे धनी रंगीत चित्र घेऊन मागाहून संगणकावर प्रत्येक रंगाची कांच लावून पाहूं शकतात. लाल आवडली नाहीं तर हिरवी. तेथेंही अगदीं लाल छटेचा मोह आवरावा, कारण नेहमींच्या रंगीत कॅमेऱ्यांत निम्मे बिंदु हिरव्याचे असतात आणि लालचे केवळ पाव. त्या पाव बिंदूंवर सारें चित्र उभें केलें कीं तें रवाळ होतें. भगिनींच्या घरीं असा कॅमेरा असल्यास त्यानेंही दोन-चार चित्रें जरूर घ्यावीं.

बटणाचें काय, असें कोणी विचारील. कॅमेऱ्यामागें उभें राहण्याची येथें सोय नाहीं. जो जवळ असेल तो चित्रांत येणारच. कॅमेऱ्यांतील दहा सेकंदांच्या घड्याळावर जुन्या वाड्याचा अंधारा जिना चढून जाणें पुतण्याला जमणार नाहीं, आणि चढूं लागला तर पडेल. लांब केबल किंवा बिनतारी कळ मिळवावी, आणि ती मिळाली नाहीं तर पुतण्यानें बटण दाबून आजीच्या खुर्चीशीं जाऊन बसावें.