ज्याची इच्छा, त्याचा निर्णय

दिवाळी अंकाच्या पहिल्याच पानावर मरणाचा विषय कशाला, असं काही वाचकांना वाटेल. पण सगळं घर एकत्र जमतं ते याच सणाला, आणि हा विषय घरानेच बोलायचा आहे.

अतिदक्षता विभागाच्या दारात डॉक्टर विचारतात, "व्हेंटिलेटर लावायचा का?" एका हातात फाइल, दुसऱ्या हातात औषधांची पिशवी घेतलेला नवरा म्हणतो, "जे करता येईल ते सगळं करा." त्यात प्रेम असतं, तशी भीतीही असते. उद्या नातेवाईक म्हणतील, याने पैशाकडे पाहिलं. नवरा आजारी असेल तर बायकोला अनेकदा कुणी विचारतही नाही. दीर आणि मुलगा बाजूला जाऊन ठरवतात. जन्मभर त्याचं पथ्यपाणी सांभाळलेली बाई बाकावर बसून राहते.

अशा वेळी जोडीदाराने आपल्या मनाचा कौल द्यायचा नसतो. अंथरुणावरच्या माणसाची इच्छा त्याच्या वतीने सांगायची असते. फ्लोरिडातल्या टेरी शायव्हो १९९० मध्ये कोसळल्या, त्या पुन्हा भानावर आल्याच नाहीत. तिला असं जगायचं नव्हतं, असं नवरा सांगत होता. आईवडिलांना ते मान्य नव्हतं. लेखी काहीच नव्हतं. २००५ मध्ये टेरी यांचा मृत्यू होईपर्यंत तो वाद कोर्टांतून थेट अमेरिकी संसदेपर्यंत गेला.

आपल्याकडे केईएम रुग्णालयातल्या अरुणा शानबाग यांच्या खटल्याच्या २०११च्या निकालाने असे उपचार थांबवण्याची वाट उघडली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये लिव्हिंग विलला, म्हणजे असे उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार हवेत, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकित सही. आपल्या वतीने कोण बोलेल, त्याचं नावही त्यात लिहिता येतं. बरं होण्याची आशा उरली नसेल तरच हे विल अमलात येतं, तेही डॉक्टरांच्या दोन मंडळांनी तपासल्यावर. उपचार थांबले तरी वेदना शमवणं आणि शुश्रूषा चालूच राहते.

पण कागदाआधी बोलणं हवं. या सुट्टीत एकमेकांना विचारा: नळ्यांवर किती दिवस? शेवट घरी की हॉस्पिटलात? मला बोलता आलं नाही, तर माझ्या वतीने कोण बोलेल? उत्तरं मुलांच्या देखत द्या, म्हणजे उद्या सही करणाऱ्याला कुणी दोष देणार नाही आणि तोही स्वतःला देणार नाही. ज्याच्याबरोबर संसार केला, त्याला या प्रश्नासमोर एकटं सोडू नये.



— संपादक