न दिसणारा खंदक

शैक्षणिक सहलीच्या निमित्ताने आम्ही विद्यार्थ्यांसह पुण्याच्या कात्रज येथील राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात गेलो होतो. समोर गवत, झाडोरा, पाणवठा आणि सावलीत पहुडलेला वाघ. मध्ये गज नाहीत. मालवणचा एक विद्यार्थी उद्गारला, "सर, वाघ मोकळोच असा!" वाघ मोकळा नव्हता. खंदक आमच्या दृष्टिरेषेखाली होता, इतकेच.

ही युक्ती जुनीच. कार्ल हागेनबेक यांनी १९०७ साली जर्मनीत हॅम्बुर्गजवळ गजांऐवजी खंदक योजून प्राणिसंग्रहालय उभारले आणि पुढे जगाने त्यांचा कित्ता गिरवला. पुण्यातही १९५३ च्या पेशवे उद्यानातील पिंजऱ्यांपेक्षा १९९९ मध्ये खुले झालेले, सुमारे १३० एकरांचे कात्रजचे उद्यान प्राण्यांना निश्चितच सुखाचे आहे. त्याविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती आपल्या नजरेविषयी. गज दिसत होते तोवर बंदिवासाची निदान कबुली होती. आता ती कबुलीही उरली नाही. आणि रान म्हणजे असेच नीटनेटके, निरुपद्रवी, संध्याकाळी फाटक बंद होणारे काही असते, अशी पाहणाऱ्याची समजूत होते.

सिंधुदुर्गात राहणाऱ्यांना ही समजूत परवडणारी नाही. २००२ पासून कर्नाटकातून येऊ लागलेल्या हत्तींनी दोडामार्ग तालुक्यात माड, पोफळी आणि केळीच्या बागा उद्ध्वस्त केल्या. तिथे मध्ये खंदक नव्हता. २०२० मध्ये तिलारीचे २९.५३ चौरस किलोमीटर जंगल संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाले. त्या निर्णयाचे आम्हीही मनापासून स्वागत केले. पण रात्र रात्र बाग राखणाऱ्या शेतकऱ्याची झोप आमच्या हिशेबात नव्हती. वन्यजीवांवरील आमचे प्रेम खंदकाच्या सुरक्षित बाजूचेच होते, हे मान्य केले पाहिजे.

म्हणून दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. आवाराबाहेरील फलकावर प्राण्याचे नाव आणि आहार यांबरोबरच त्या आवाराचे क्षेत्रफळ आणि रानात त्याला लागणारे क्षेत्र हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहावेत. दुसरे असे की, महाविद्यालयीन सहलींनी कात्रज जरूर पाहावे. परंतु एखादा दिवस दोडामार्गच्या बागायतदाराच्या अंगणातही बसावे. पुढच्या वर्षी आमची सहल तरी तिथे जाईल.