मोहोळ कां उठतें?

आमच्या वाड्यामागील पिंपळावर गेल्या माघांत आग्यामोहोळ बसलें, तेव्हांपासून घरांत दोन पक्ष पडले आहेत. वडील मंडळींचें म्हणणें, रात्रीं पलिता लावून तें जाळावें. मुलांचें म्हणणें, माशा आपल्या वाटेस जात नाहींत, तर आपण त्यांच्या वाटेस कां जावें? अशांत आमच्या धाकट्या पुतण्याच्या मानेस एक माशी डसली. त्यानें ती तेथेंच चिरडली व हात झाडीत अंगणांत उभा राहिला. लागलीच आणखी सात माशा त्याच्यावर आल्या. शेजारीं उभ्या असलेल्या दोघा भावांस एकीनेंही शिवलें नाहीं. काकू म्हणाल्या, "त्याची पत्रिकाच वाईट!" पत्रिकेविषयीं आम्ही कांहीं बोलूं शकत नाहीं, परंतु ह्या पक्षपाताचें कारण शास्त्रज्ञांनीं शोधून काढलें आहे.

मधमाशीची नांगी काटेरी असते. ती कातडींत रुतली म्हणजे विषाच्या पिशवीसह तेथेंच राहते व माशी प्राणास मुकते. मात्र त्या नांगीपासून एक वास सुटत राहतो, आणि शत्रु कोठें आहे हें तो इतर माशांस दाखवितो. नांगीच्या वासानें माशा खवळतात, हें फ्रांस्वा ह्यूबर ह्या अंध निसर्गशास्त्रज्ञानें १८१४ सालींच लिहून ठेविलें होतें. त्यांतील मुख्य द्रव्य, आयसोअमाइल ॲसिटेट, १९६२ सालीं ओळखलें गेलें. त्यास पिकल्या केळ्यासारखा वास येतो, आणि तें आग्या माशीच्या नांगींतही सांपडतें.

आतां हा वास मेंदूंत जाऊन करतो काय? मधमाशीचा मेंदू तिळाहूनही लहान, तरी त्यांत सुमारें दहा लक्ष मज्जापेशी असतात. मिशांनीं टिपलेला वास प्रथम मेंदूंतील घ्राणकेंद्रांत जातो. तेथें सुमारें १६० सूक्ष्म गोळे आहेत. प्रत्येक वासागणिक त्यांतील निराळे निराळे चेततात. युरोपीय मधमाशीवर केलेले प्रयोग २०१८ सालीं प्रसिद्ध झाले, त्यांत असें दिसून आलें कीं, ह्या वासानें मेंदूंतील सेरोटोनिन व डोपामाइन ह्या दोन द्रव्यांचें प्रमाण वाढतें. तीं औषधानें वाढविलीं तर माशी अधिक लवकर डसते. त्यांचें कार्य रोखलें तर डसण्याचें प्रमाण घटतें. म्हणजे वास माशीस "जा, डस" असा हुकूम सोडीत नाहीं. तो केवळ तिच्या रागाचा उंबरठा खालीं आणतो. मग एरवीं जी हालचाल ती सोडून देती, तीच तिला असह्य होते. आमच्या पुतण्यानें झाडलेले हात ही तशीच हालचाल होय.

ह्याहून मौजेची गोष्ट १९१५ सालची नव्हे, २०१५ सालची आहे. धोक्याच्या वासांत कांहीं फुलांचे सुवास मिसळतांच माशांचा आवेश ओसरला! अन्नाची आशा व शत्रूचा संशय ह्यांचा तौल तेवढ्याशा मेंदूंतही होतो, हें पाहून आम्हांस तरी नवल वाटलें.

शिवाय, डसणें हा आग्या माशीचा पहिला उपाय नव्हेच. गांधीलमाशी जवळ आली म्हणजे पोळ्यावरील शेंकडों माशा एकीमागून एक पोट वर उचलतात, आणि क्षणार्धांत पोळ्यावरून लाट सरकते. ह्या लाटेनें गांधीलमाशी माघार घेते, असें २००८ सालीं दाखवून देण्यांत आलें. मुलांनीं ही लाट गच्चीवरून पाहिली आहे, व वडिलांसही दाखविली आहे.

पुतण्याच्या मानेंतील नांगी वहिनींनीं नखानें तत्काळ खरडून काढली, त्यास घरांत घेऊन दार लाविलें व डसलेली जागा साबणानें धुतली. हेंच योग्य झालें. श्वास कोंडूं लागता अथवा ओठ सुजते, तर क्षणाचाही विलंब न करितां डॉक्टर गांठावा लागता.

आग्या माशा ऋतुमानाप्रमाणें स्थलांतर करितात, तेव्हां हें बिऱ्हाडही एक दिवस आपण होऊन उठेल. तोंवर मागील दार बंद ठेवावें व पिंपळाखालीं धूर करूं नये, एवढें ठरलें आहे. पलिता मात्र वडिलांनीं माळ्यावरून काढून देवडींत आणून ठेविला आहे.