शाळेची वाटही मोजा



वनहक्काच्या दाव्यासाठी आपण वावराचे चारी कोपरे पायी फिरून मोजले. कारण कागदावर नाही ते सरकारच्या लेखी नाहीच. लेकरांच्या शाळेच्या वाटेचंही तसंच आहे.

2011 च्या जनगणनेत कामावर जायला किती अंतर, कशानं जाता, असा प्रश्न होता. तो शेतकऱ्याला नव्हता, शेतमजुराला नव्हता, अन् शाळेच्या पोरांना तर नव्हताच.

राज्याच्या शिक्षण हक्क नियमांप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा 1 किलोमीटरच्या आत अन् आठवीपर्यंतची 3 किलोमीटरच्या आत पाहिजे. नकाशावर पट्टी ठेवून अंतर काढलं तर त्यात मधला नाला दिसत नाही. 2010 च्या केंद्रीय नियमांत तर स्पष्ट आहे, की जिथं पुराचा धोका आहे, रस्ता नाही, तिथं ही मर्यादा आणखी कमी करून शाळा द्यावी. पण धोका दाखवणारा कागद आपल्या हाती पाहिजे ना!

सप्टेंबर 2023 मध्ये सरकारनं विसाच्या आत पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचे प्रस्ताव मागवले. पोरांना बसनं आणू म्हणतात. बस आली नाही त्या दिवशी पोरगी शाळेत गेली का, अन् पुढं कायमचीच घरी बसली का, याची नोंद कोण ठेवणार? इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची शाळा बंद केली तेव्हा 2022 मध्ये तिथली धरणग्रस्त आदिवासी लेकरं नाशिकच्या जिल्हा परिषदेवर चालत गेली. दप्तरं परत घ्या अन् आम्हाला बकऱ्या द्या, असं त्यांनी साहेबांना सुनावलं.

म्हणून आसेगाव परिसरातल्या प्रत्येक वस्तीनं, बेड्यानं एक वही घालावी. उन्हाळ्यात एकदा अन् भर पावसाळ्यात एकदा, घरापासून शाळेच्या दारापर्यंत लेकरांसंगं चाला. किती मिनिटं लागली, किती नाले आडवे आले, ते लिहा. पायी, सायकल, एसटी की काळीपिवळी? जाताना कसं अन् येताना कसं, हे वेगळं लिहा. सकाळी गाडी मिळते, संध्याकाळी मिळत नाही. शिक्षण हक्क 14 वर्षांवर थांबतो, आपली वही मात्र बारावीपर्यंत जाऊ द्या. ज्यानं वाटेपायी शाळा सोडली, त्यालाही मोजा.

मग ही वही ग्रामसभेत वाचून ठराव घ्या. वाट जंगलातून जात असेल तर वनहक्क कायद्याचं कलम 3(2) काढा. शाळेसाठी, रस्त्यासाठी 1 हेक्टरच्या आतली वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीनं देता येते. शिफारस आपल्या हातात आहे, तिला आधार या वहीचा.