कावीळ झाली, पण कशाची?

तुळजापूर तालुक्यातले जळकोट सोलापूर-हैदराबाद महामार्गावर, नळदुर्गच्या पुढे आहे. (लातूर जिल्ह्यातले तालुक्याचे जळकोट वेगळे.) या भागात कुणाचे डोळे पिवळे दिसले की सल्ला ठरलेला : "कावीळ हाय, दवाखान्यात जाऊ नका. डॉक्टरकडं काविळीला औषध नसतंय." मग झाडपाला, डोक्यावर माळ, कुठे मनगटावर डाग.

हा सल्ला टिकला, कारण तो अर्धा खरा आहे. दूषित पाण्यातून होणाऱ्या हिपॅटायटिस ए आणि ई यांत बहुतेकांचे यकृत काही आठवड्यांत आपोआप सावरते. तेवढ्यात माळ गळ्यापर्यंत उतरते आणि श्रेय घेऊन जाते. माळेत ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्यात बांधलेले असतात. ते वाळून आकसले की फास सैल होतात, माळ लांबते. खुंटीला टांगली तरी लांबेल!

मुळात कावीळ हा आजार नव्हे, लक्षण आहे. रक्तातले बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य दर डेसिलिटरला साधारण एक मिलिग्रॅमपर्यंत असते. अडीच-तीनच्या पुढे डोळे पिवळे दिसू लागतात. बिलिरुबिन विषाणूने वाढेल, लेप्टोस्पायरोसिसने, मलेरियाने, दारूने, पित्तनलिकेत अडकलेल्या खड्याने किंवा कर्करोगाने. अडकलेला खडा माळेने सुटत नाही.

यावर "हा ॲलोपथीचा गर्व" म्हणणाऱ्यांनी चरकसंहिता उघडावी. तिथेही कामला, म्हणजे कावीळ, एकच नाही. मल वाटलेल्या तिळासारखा पांढरट झाला, तर पित्ताची वाट अडली असे ओळखून उपचार वेगळे सांगितले आहेत.

मग "कावीळ" टाकून "हिपॅटायटिस" म्हणावे का? तेही चूक. खड्याच्या काविळीत यकृताला विषाणूची बाधा नसते, आणि हिपॅटायटिस बी असलेले कित्येकजण कधी पिवळे होतच नाहीत. त्याला लोक "पांढरी कावीळ" म्हणतात आणि रोग्याचे ताट वेगळे करतात. तो ताटातून नाही, रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला जातो. जन्मल्यापासून 24 तासांत बाळाला लस द्यायची ती म्हणूनच. हिपॅटायटिस सी तर साधारण 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. 2018 पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात त्या सरकारी केंद्रांवर मोफत मिळतात. औषध नाही कसे?

कावीळ हा शब्द राहू द्या, त्याच्यापुढे "कशाची?" एवढे विचारा. गरोदर बाईचे डोळे पिवळे झाले, रोगी बरळू लागला, किंवा बाळ पहिल्याच दिवशी पिवळे पडले, तर माळवाल्याकडे जाऊ नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.